जेवण जात नाही

बेबी पन्नाशीला टेकली होती, गुडघे कुरकुरत होते, केसांना रंग लावल्याशिवाय आरशासमोर उभं राहवत नव्हतं, तरी घरात ती बेबीच होती. शेंडेफळाची यातून सुटका नसते. हॉस्पिटलात मात्र तिला पाठीमागे ‘पोटवाल्या बाई’ म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. सोनोग्राफी विभागात बाकीचे लोक लिव्हर, किडनी, येणारं बाळ असल्या मानाच्या गोष्टी बघत. बेबीच्या वाट्याला जठर आलं होतं, तेही आजारी माणसाचं नव्हे, चांगल्या धडधाकट माणसाचं, आणि जेवल्यानंतरचं.

काम असं होतं. माणूस जेवला की त्याचं जठर नेमकं कसं हलतं, याचा अभ्यास डॉक्टर मॅडमनी काढला होता. त्यासाठी लोक हौसेनं नाव नोंदवत, रात्रभर उपाशी राहून सकाळी येत. बेबी त्यांच्या पोटावर गार जेल चोपडून प्रोब टेकवायची आणि आधी रिकामं जठर बघून ठेवायची. मग वाडगाभर सूप प्यायला द्यायचं आणि पुन्हा प्रोब. सूप आत पडलं की जठराच्या भिंतींवर लाटा सुरू होतात, मिनिटाला साधारण तीन, आणि दर लाटेबरोबर थोडं थोडं अन्न पुढे आतड्यात ढकललं जातं. बेबी पडद्याला डोळे लावून या लाटा मोजायची. खोलीत दिवसभर एकच प्रश्न घुमायचा. मॅडम दारातून डोकावून विचारायच्या, “गेलं का?” बेबी म्हणायची, “निम्मं गेलं,” किंवा, “यांचं अजून जात नाहीये, जरा घाबरलेत वाटतं.” पहिल्यांदा आलेला माणूस हे ऐकून दचकायचा, की आपलं नक्की काय गेलं.

अशा या बाईच्या सख्ख्या आईचं वजन उतरत चाललं होतं आणि या बाईनं एकदाही तिच्या पोटाला प्रोब लावला नव्हता. लावायचा कशाला? कारण तिला आधीच माहीत होतं. कारण म्हणजे वहिनी.

आई दादाकडे राहायची, म्हणजे व्यवहारात वहिनींकडे, कारण दादा घरात असून नसल्यासारखा. बेबीचा रोज संध्याकाळी फोन. “जेवलीस का?” असं तिनं विचारलं की आई म्हणायची, “जेवण जात नाही गं.” आता हे वाक्य कोण म्हणत नाही? भांडण झालं, जेवण जात नाही. मुलगा नापास झाला, जेवण जात नाही. बेबीनं त्याचा सरळ अर्थ लावला: आईच्या मनाला काहीतरी लागलंय. मन कोण दुखवणार? त्या घरात आहे कोण दुसरं? आणि एकदा संशयाचं भूत मानेवर बसलं की त्याला पुरावे आपोआप मिळत जातात. आईचे ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. आईला वर्षानुवर्षांची साखर, तिच्या गोळ्या चालू, आणि हल्ली ती साखर मधेच एकदम खाली उतरायची, दरदरून घाम फुटायचा, हात कापायचे. गोळी घेतली आणि पोटात अन्न नसलं की साखर उतरते, हे काय बेबीला कोणी शिकवायला हवं होतं? वहिनी आईला पोटभर वाढत नाहीत, असं तिनं मनाशी पक्कं करून टाकलं.

मनाशी ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण पुतणीच्या वाढदिवसाला, घरभर पाहुणे असताना, आईनं केकचा तुकडा तसाच खाली ठेवला आणि बेबीचा तोल सुटला. “आईला उपाशी ठेवता तुम्ही, वहिनी,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. हसणारे लोक हसायचे थांबले. वहिनींनी हातातली सुरी ताटात ठेवली, स्वयंपाकघरात गेल्या आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. तोवर त्या हिला ‘अगं बेबी’ म्हणायच्या. त्या दिवसापासून ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’.

मग एक दिवस दादाला कंठ फुटला. “हे बघ, ती आईच्या समोर बसून तिला जेवू घालते. ताट चाटूनपुसून साफ होतं. माझ्या डोळ्यांनी बघतोय मी.”

“दाखवायला करत असतील.”

“मग तूच बघ ना! दिवसभर परक्यांची पोटं बघतेस, आईचं बघायला काय झालं? काही बिघाड निघाला तर हिची माफी मागायची. आणि पोट ठणठणीत निघालं तर आईला त्याच दिवशी तुझ्या घरी घेऊन जा. मी अवाक्षर काढणार नाही.”

“ठरलं,” बेबी म्हणाली. तिनं मॅडमची परवानगी काढली, घरातली मधली खोली रिकामी केली, पलंगावर नवी चादर घातली. पोट ठणठणीत निघणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आईला स्वतःकडे आणायचं होतं, आणि हो, वहिनींचं नाक कापायचं होतं. दोन्हीपैकी कुठलं जास्त, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी तिघं आली. आई मधोमध, दोघांच्या हाताला धरून, कपड्यांत हरवलेली. वहिनींच्या खांद्याला मोठी पिशवी.

“उपाशी आणलंय ना?” बेबीनं विचारलं.

“तुम्ही सांगितलंत म्हणून आणलंय,” वहिनी म्हणाल्या. “गोळीसुद्धा दिली नाही. आपल्या मनानं उपाशी ठेवायची माझी हिंमत नाही, वन्सं.”

बेबीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पंधरावीस मिनिटांत सगळं बाहेर येणारच होतं. तिनं आईला आत नेलं, टेबलावर निजवलं, पोट उघडं केलं आणि क्षणभर तिचा हात थांबला. बरगड्यांखाली खोलगट झालं होतं. एवढी वाळली ही? तिला वहिनींचा नव्यानं संताप आला. तिनं जेल लावलं, प्रोब टेकवला आणि पडद्याकडे बघितलं.

जठर तुडुंब भरलेलं होतं.

रात्रभर उपाशी माणसाच्या जठराचं टोक पडद्यावर इवलंसं दिसतं, शर्टाच्या बटणासारखं. हे तर फुगून बसलं होतं, आणि आत नुसतं पाणी नव्हे, चावलेल्या अन्नाचा गच्च रबरबाट. बेबी बघतच राहिली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, म्हणजे तिला तसं वाटलं. चाचणीचा विचका व्हावा म्हणून वहिनींनी सकाळी आईला दाबून खायला घातलं होतं! तिनं प्रोब अडकवला आणि तरातरा बाहेर गेली.

“सकाळी काय भरवलंत तिला?”

वहिनी बाकावरून उठल्या. “काही नाही. काल संध्याकाळी जेवल्या, त्यानंतर पाण्याचे दोन घोट.”

“खोटं बोलू नका. मला पडद्यावर दिसतंय. गळ्यापर्यंत भरलंय पोट!”

“अगं, मी होतो ना समोर,” दादा म्हणाला. “मी स्वतः चहाचा कप तिच्यापुढून उचलला. सकाळपासून तिच्या तोंडात काही गेलेलं नाही.”

“मग आत काय आभाळातून पडलं?”

बाकांवर बसलेल्या पेशंटांनी माना वळवल्या. आपल्या दुखण्यापेक्षा दुसऱ्याचं भांडण केव्हाही बरं, तसे सगळे कान टवकारून बसले. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. “दुसऱ्यांदा,” त्या हळूच म्हणाल्या. “चारचौघांत हे दुसऱ्यांदा, वन्सं.” आणि पिशवी छातीशी धरून खाली बसल्या.

बेबी पाय आपटत आत आली. “आई, खरं सांग. घाबरू नकोस कोणाला. सकाळी काय खाल्लंस?”

“काही नाही गं,” आई छताकडे बघत म्हणाली. “कालचंच असेल ते.”

“कालचं कसं असेल? कालचं केव्हाच...” बेबी बोलता बोलता थांबली. कालचं केव्हाच पुढे जायला हवं होतं. तिनं पुन्हा प्रोब टेकवला आणि या खेपेला अन्नाकडे नाही, भिंतीकडे बघितलं.

लाट येईना.

तिनं वाट बघितली. लाटेची वाट बघण्यात तिची हयात गेली होती, कधी यायला हवी हे तिला घड्याळाशिवाय कळायचं. ती वेळ आली आणि गेली. पुढच्या लाटेची वेळही गेली. तेव्हा तिला हायसं वाटलं, कारण असं यापूर्वी झालं होतं: कोपर लागून फ्रीझचं बटण दाबलं जातं, चित्र गोठतं आणि आपण खुळ्यासारखं गोठलेल्या चित्राकडे बघत बसतो. आपण बाहेर भांडायला गेलो तेव्हा दाबलं गेलं असणार. तिनं बटण दाबलं आणि चित्र गोठलं. म्हणजे ते आत्तापर्यंत चालू होतं. तिनं घाईघाईनं पुन्हा दाबलं. आईच्या श्वासाबरोबर लिव्हर वरखाली सरकत होतं. मागे मोठी रक्तवाहिनी ठकठक उडत होती. आईच्या पोटात सगळं जिवंत होतं आणि मधोमध जठर तेवढं ढिम्म.

दहा लाटा यायला हव्यात एवढा वेळ ती बसली. एक आली, अर्ध्या वाटेवर विरून गेली. मग एकदम सगळं चित्रच थरथरायला लागलं आणि बेबीचा जीव भांड्यात पडला, पण जठर हललं नव्हतं, तिचाच हात कापत होता.

“काय झालं गं?” आईनं विचारलं.

“काही नाही. थांब. हलू नकोस,” बेबी म्हणाली. हलू नकोस असं ती सगळ्यांनाच सांगायची. आज ते शब्द उच्चारताना तिच्या अंगावर काटा आला.

तिनं हाक मारली, तशा शेजारच्या खोलीतून मॅडम आल्या. पडदा अजून त्यांच्या नजरेला पडला नव्हता. त्यांनी आत येता येता सवयीनं विचारलं, “गेलं का?”

“नाही,” बेबी म्हणाली. “जात नाही.”

तिच्या तोंडून शब्द बाहेर पडले आणि ते तिचे तिलाच ऐकू आले. तेवढ्यात टेबलावरून आईचा आवाज आला, तक्रारीचा नव्हे, साधा, जरासा दमलेला. “तेच तर मी सांगत होते ना गं तुला. जेवण जात नाही म्हणून.”

रोज संध्याकाळी. रोज संध्याकाळी आई फोनवर तिला आपलं दुखणं जसंच्या तसं सांगत होती, तेही त्याच शब्दांत, जे या खोलीत दिवसभर चालतात. परक्या माणसाचं जात नाही म्हटलं की बेबी मिनिटं मोजत बसायची. आईचं जात नाही म्हटल्यावर तिनं वहिनींची पापं मोजली होती.

मॅडमनी प्रोब हातात घेतला, बराच वेळ बघितलं, आईला चार प्रश्न विचारले. मग त्या बेबीशी बोलायला लागल्या, आणि त्यांचा प्रत्येक शब्द बेबीला थोबाडीत मारल्यासारखा लागत होता. वर्षानुवर्षांच्या साखरेनं जठराच्या नसा निकामी झाल्या असाव्यात. पुढे कुठे अडथळा नाही ना, हे दुर्बीण घालून बघावं लागेल, पण लक्षणं तीच दिसतात. अन्न आत पडून राहतं. गोळी आपलं काम वेळेवर करते, अन्न पुढे पोचतच नाही, म्हणून साखर अशी कोसळते. माणूस जेवूनही वाळत जातो. “थोडं थोडं, पातळ, दिवसातून बऱ्याच वेळा द्यायचं,” मॅडम म्हणाल्या. “पण हे पोट किती भरलंय! यांना असं गच्च कोण जेवू घालतंय? या पोटाला भरपेट जेवण म्हणजे छळ आहे.”

मॅडम दुर्बिणीची वेळ ठरवायला बाहेर गेल्या. दार अर्धवट उघडं राहिलं.

“आई,” बेबी म्हणाली. “तुला जात नव्हतं, तर तू जेवायचीस कशाला? दादा म्हणाला, ताट साफ व्हायचं.”

“मग काय करणार?” आई म्हणाली. “तू त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललीस. त्यानंतर ही बाई माझ्या ताटासमोर बसायला लागली. हातात वाटी घेऊन. एक घास राहिला तरी तिचा चेहरा उतरायचा. वन्संना कळलं तर, म्हणायची. मग मी खायची. ताट संपलं की तिला जरा बरं वाटायचं.”

“आणि मग?”

“मग काय. मळमळायचं. अगदीच राहवलं नाही की बाथरूममध्ये जाऊन ओकायची. नळ सोडून ठेवायची मोठा, म्हणजे तिला ऐकू जायला नको. नाहीतर ती पुन्हा वाढायची.”

“रोज?”

“रोज कसं? जमेल तेवढं ठेवायची आत,” आई म्हणाली. जणू घरातला पसारा आवरण्याबद्दल बोलत होती.

जी बाई आईला उपाशी ठेवते असं तिनं जगाला सांगितलं, ती बाई भीतीपोटी आईला भरवत होती. जिला वाचवायला आपण निघालो, ती त्या बाईची अब्रू राखायला गिळत होती. आणि दोघींच्या मानेवर बसलं होतं कोण?

दाराशी काहीतरी खडखडलं. वहिनी उभ्या होत्या. मॅडम बाहेर आलेल्या बघून त्यांना वाटलं, झालं सगळं, आता आईंना खायला द्यायला हवं. पिशवीतून त्यांनी डबा काढला होता, झाकण उघडलं होतं, चमचा हातात होता. मऊ भात, उकडलेल्या भाज्या, काठोकाठ. त्या कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे, पण चेहऱ्यावरून कळत होतं की पुरेशा आधीपासून.

त्यांना बघताच आई कोपरावर उठली आणि तिनं तोंड उघडलं. आज्ञाधारक मुलीसारखं, डबा दिसला म्हणून.

“नको!” बेबी किंचाळली आणि आडवी आली. “वहिनी, नका देऊ!”

वहिनी एक पाऊल मागे सरकल्या. सवयीनं त्यांनी मान खाली घातली होती, ओरडून घ्यायला तयार. मग त्यांनी सासूकडे बघितलं. “आई, नळ,” त्या म्हणाल्या. “मी म्हणायची, किती पाणी वाया घालवता. मी तुमच्यावर चिडायची त्या नळावरून.”

“जाऊ दे गं,” आई म्हणाली.

“मी तुमच्या तोंडात घास कोंबत होते.”

“तू कुठे? तू आपली घाबरून...” आई म्हणाली.

दादा मागून आत आला होता. त्यानं एकेकीकडे बघितलं, त्याला अर्धंच कळलं, पण अर्धंही पुष्कळ होतं. “म्हणजे बिघाड निघाला,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याची खूण नव्हती, उलट तो पार हादरला होता.

बेबीनं हात जोडले. “वहिनी, मी चुकले. मी त्या सगळ्यांना पुन्हा बोलावून सगळ्यांसमोर सांगते. तुम्ही म्हणाल तसं. आई तुमच्याकडेच राहू दे, तिला तुमची सवय आहे, मी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

वहिनींनी चमचा डब्यात टाकला, झाकण लावलं. त्यांचे डोळे कोरडे होते. “माफी राहू द्या, वन्सं. तुम्ही आज यांना न्यायचं ठरवलं होतंत ना? न्या.”

“अगं, असं काय करतेस?” दादा म्हणाला. “आता तर सगळं स्पष्ट झालं.”

“झालं ना स्पष्ट. म्हणूनच,” वहिनी म्हणाल्या. “आता यांच्यापुढे ताट ठेवायचं म्हटलं की माझा हात कापेल. ठेवलं तर या माझ्यासाठी जेवणार. नाही ठेवलं आणि वजन आणखी उतरलं, तर लोक आहेतच. डॉक्टरांनी काही का सांगेनात, लोकांना ऐकलेलं लक्षात राहतं. मी थकले हो. खरंच थकले.”

एवढं बोलून त्या भिंतीला टेकल्या. बेबीला आज जे हवं होतं, ते तिला मिळालं होतं. मधली खोली रिकामी होती, पलंगावर नवी चादर होती, आणि तिला वाटलं की आता आपल्या घरचा जिना आपल्याला चढवणार नाही.

आईनं टेबलावरचा टॉवेल घेऊन पोटावरचं जेल स्वतःच पुसलं, सावकाश, सगळीकडून. साडी सारखी केली. “माझ्या गोळ्या हिच्या पिशवीत आहेत,” ती म्हणाली. “कुठली कधी, ते हिला विचारून घे.” बेबीनं तिला उतरायला हात दिला. आईनं तो धरला, पाय खाली सोडले आणि चपला शोधता शोधता वर बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“आणि तुझ्याकडे मला जेवण गेलं नाही,” तिनं विचारलं, “तर तू कोणाला बोलशील?”